शिष्यत्व प्रशिक्षणासाठी परदेशी आले आहे, रुळायला जड जातंय. सल्ला हवा

ऑलिव्हपान

जय ख्रिस्त.

सहा महिन्यांच्या शिष्यत्व प्रशिक्षणाला आले आहे. देश आणि संस्था मुद्दाम लिहीत नाही. पहिले बारा आठवडे वर्ग, नंतर दुसऱ्याच देशात दोन-अडीच महिने सेवाकार्य. आज सहावा आठवडा चालू आहे.

पहिले पंधरा दिवस सगळं नवं, सगळं सुंदर. आता सकाळच्या उपासनेला उभी राहते आणि आतून काही हलत नाही. वर्ग इंग्रजीत समजतो, पण गटात मोठ्याने प्रार्थना करायची पाळी आली की माझी चार वाक्यांत संपते. बाकीचे दहा-दहा मिनिटं बोलतात. खोलीत आम्ही सहा जणी, त्यामुळे रडायचं तर बाथरूममध्येच. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा मनात आलं, मला पाचारण, म्हणजे या सेवेसाठी देवाचं बोलावणं, होतं तरी का?

घरी सांगितलं तर "परत ये" म्हणतील. मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, पैसे उभे केलेत, त्यामुळे तिथे बोलायची हिंमत होत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, तुम्ही कसे रुळलात? आणि हा विश्वासाचा कोरडेपणा आहे की नुसता थकवा, हे ओळखायचं कसं?

सांजदिवा

ऑलिव्हपान, मी असाच कोर्स केला आणि नंतर तीन वर्षं तिथेच स्टाफवर होते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दर तुकडीतल्या कोणीतरी माझ्या दाराशी येऊन हाच प्रश्न विचारला आहे. बहुतेक वेळा विचारणारी व्यक्ती मनापासून आलेली असायची.

कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाचा 'कल्चर शॉक'वरचा लेख १९६० साली आला, तोही मिशनरी आणि बायबल भाषांतरकार वाचायचे अशा नियतकालिकात. त्याने लक्षणं दिली आहेत: सारखे हात धुणं, पिण्याच्या पाण्याची धास्ती, शून्यात बघत बसणं, लहानशा उशिरावर भडकणं, घरची तीव्र ओढ. सुरुवातीच्या आनंदाचा काळ सरला की हा टप्पा येतो आणि पुढे उतरतो. यातलं काही ओळखीचं वाटतंय का बघ. वाटलं तर आज पाचारणाचा निर्णय घेऊ नकोस.

बायबलमधला १ राजे १९ पुन्हा वाच. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून "आता पुरे" म्हणतो. देवदूत त्याला दोनदा उठवून खायला घालतो, मध्ये तो झोपतो. "तू येथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर. म्हणून आधी आठवडाभर रोज आठ तास झोप. मग कोरडेपणाबद्दल बोलू.

आणि प्रार्थना मराठीत कर, गटातसुद्धा. लूक १८ मधल्या जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची होती, तुझी तर चार वाक्यांची आहे!

नकाशावही

सांजदिवा यांनी मनाचं लिहिलंय, मी कागदांचं लिहितो. आमच्या तुकडीत दोघांचं सेवाकार्य यामुळेच अडलं होतं.

दुसऱ्या देशासाठी नेमका कोणता व्हिसा काढणार आहेत ते आत्ताच लेखी विचारा. पर्यटक व्हिसावर बिनपगारी धार्मिक काम करणंही बऱ्याच देशांत चालत नाही. "सगळे असेच जातात" या उत्तरावर समाधान मानू नका, विमानतळावर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी उरलेली हवी. पीतज्वराची लस लागणार असेल तर प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. तिचं प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर चालतं. विमा दुसऱ्या देशातही लागू आहे का, आणि आजारी पडल्यास घरी आणण्याचा खर्च त्यात आहे का, हे स्वतः वाचून घ्या. पासपोर्ट तुमच्याकडेच ठेवा. कोणी "ऑफिसात जमा कर" म्हणालं तर का, ते विचारा.

काठावरची

मला वेगळं काही सांगायचंय. थकवा असेलच, पण कधी कधी शिकवणूकच मनाला टोचत असते आणि आपण त्याला कोरडेपणा म्हणतो. तुझ्या खोलीत वेगवेगळ्या पंथांच्या मुली असतील. कोणी हात वर करून गाणारी, कोणी लिखित प्रार्थना म्हणणारी. आपली पद्धत कमी प्रतीची आहे असं कोणी म्हटलं नाही तरी मनात शिरतं.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटिजच्या सिस्टर्सकडे (अँग्लिकन जोगिणींकडे) राहिल्या, त्याच वर्षी त्यांचा तिथे बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक. तरीही त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणुकीवर) आणि चर्चच्या अधिकारावर दोघींनी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. सद्सद्विवेक दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला रमाबाई तयार नव्हत्या. ती पत्रं जेराल्डीन यांनीच जपून ठेवली, म्हणून आज आपल्याला वाचता येतात. सांगायचं असं की प्रश्न विचारल्याने नातं मोडलंच पाहिजे असं नाही. आणि "देवाने मला तुझ्याबद्दल असं असं दाखवलं" म्हणत कोणी तुझ्या निर्णयात शिरलं, तर तुझ्या घरच्या चर्चच्या पाळकांशी (धर्मगुरूंशी) बोलल्याशिवाय हो म्हणू नकोस.

सांजदिवा

काठावरची, मान्य. हे मी लिहायला हवं होतं.

नकाशावही

घरी रोज फोन करत असाल तर थोडा कमी करा. आठवड्यातून एक ठरलेला दिवस ठेवा.

काठावरची

इथे मी सहमत नाही. जी बाथरूममध्ये रडते तिला फोन कमी कर सांगायचं नसतं. आधी एक माणूस असू दे जिला सगळं खरं सांगता येईल, मग फोनचं बघू.

ऑलिव्हपान

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नऊला झोपले. आज गटात मराठीत प्रार्थना केली, चारच वाक्यं. शेजारच्या मुलीने नंतर विचारलं, "मीही माझ्या भाषेत करू का?" आल्यापासून तिला वाटायचं तसं चालत नाही.

व्हिसाचं उद्या विचारते. एक राहिलंच. मंडळीला प्रार्थनापत्र पाठवायचंय, त्यात हे किती लिहू? मागच्या पत्रात सगळं छान आहे असंच लिहिलं होतं.

सांजदिवा

पाळकांना पूर्ण लिही, सगळ्यांच्या पत्रात दोन ओळी: "थकले आहे, झोपेसाठी आणि मैत्रिणीसाठी प्रार्थना करा." पैसे देणारे लोक हिशेब तपासायला बसलेले नसतात, त्यांना नेमकं कशासाठी प्रार्थना करायची ते हवं असतं. आणि परत यावंच लागलं, तर बायबलमधला योहान मार्क पौल आणि बर्णबा यांच्या सेवायात्रेत पंफुल्यातून अर्ध्यावर परतला होता. त्यावरून ते दोघे वेगळे झाले. पण २ तीमथ्य ४ मध्ये पौलच त्याला बोलावून घेतो, सेवेसाठी उपयोगी म्हणून.

पत्राचा मसुदा झाला की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पाठवण्याआधी वाचून देते.