ताईंची सुरुवात नगर निगमातून

इंदूरच्या माजी खासदार सुमित्राताई महाजन 1989 च्या लोकसभा निवडणुकीत मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना हरवून एकदम पुढे आल्या, असं कुणी म्हणतं. एकदम नाही हो! चिपळूणच्या ताई लग्न होऊन इंदुरात आल्या, 1982 मध्ये नगर निगमात (महापालिकेत) पार्षद, म्हणजे नगरसेविका झाल्या, मग उपमहापौर. विधानसभेला तर हरल्याही. मला तीच वर्षं मोलाची वाटतात. नळ कोरडा, चेंबर तुंबलेलं, खांबावरचा दिवा गेलेला. आपल्याकडे लोक सकाळी चहाच्याही आधी पार्षदाच्याच दारात उभे असतात. तिथे घरोघरची माणसं नावानिशी कळतात. मराठी मतं इथे एवढीशी, तरी अख्खं इंदूर त्यांना ‘ताई’ म्हणतं आणि त्याने त्यांना सलग आठ वेळा लोकसभेत पाठवलं, हे त्याशिवाय कसं झालं असतं? लोकसभाध्यक्षपद 2014 चं, फार पुढचं.