उजेडाच्या हॉलसाठी टीव्ही कोणता? ओलेड, क्यूलेड की मिनी एलईडी? (मदत हवी आहे, जरा घाई आहे)

शेवंती (सोमवार, दुपारी ४:२०)
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. आमच्या हॉलमध्ये उजेड फार आहे आणि दुपारी टीव्हीवर काही म्हणजे काही दिसत नाही. समोर नुसता पांढरा चट्टा असतो. आठ वर्षांचा जुना एलईडी आहे, आता बदलायचाच आहे. एका दुकानात म्हणाले ओलेड घ्या, दुसऱ्यात क्यूलेड, तिसरीकडे मिनी एलईडी. दर वेळी आधीच्या दुकानातलं नाव सांगितलं की समोरचा मान हलवतो. मला एवढंच सांगा, उजेडाच्या हॉलला यातलं काय घ्यावं? रविवारी सवलत संपतेय.

डोंगरवाट (सोमवार, ४:४५)
बजेट किती? किती इंची हवाय? किती फुटांवरून बघता? दिवसा जास्त बघता की रात्री? आणि मुख्य म्हणजे खिडकी कुठे आहे, टीव्हीच्या समोर, मागे की बाजूला? हे कळल्याशिवाय दिलेलं उत्तर अंदाजपंचे ठरेल.

निशाचर (सोमवार, ५:०५)
ओलेड घ्या, दुसरा विचारच करू नका. माझ्याकडे तीन वर्षं आहे. प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड स्वतः देतो, नको तेव्हा पूर्ण विझतो. म्हणून काळा तो खरा काळा. ज्याच्या मागे दिवे लावावे लागतात तो पडदा इतका काळा होऊच शकत नाही, मग त्याला नाव काहीही द्या.

डोंगरवाट (सोमवार, ५:१२)
निशाचर, तुमची खोली कशी आहे? कधी बघता?

निशाचर (सोमवार, ५:२०)
बेडरूम. रात्री दहानंतर. पण त्याने काय फरक पडतो? नवे ओलेड पूर्वीपेक्षा पुष्कळ उजळ आहेत.

जुनीखोड (सोमवार, ६:४०)
शेवंती, आधी नावांचा गोंधळ मिटवतो, कारण दुकानदार त्याच्यावरच खेळतात. क्यूलेड आणि ओलेड ही नावं सारखी वाटतात, पण आतून त्यांचा काही संबंध नाही. क्यूलेड म्हणजे तुमच्या जुन्या एलईडीचाच भाऊ. तोच एलसीडी पडदा, तेच मागचे दिवे, फक्त मध्ये क्वांटम डॉटचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा, एक थर, त्याने रंग जास्त खुलतात. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे अगदी बारीक आणि पुष्कळ असतात, आणि त्यांचे गट वेगवेगळे मंद करता येतात. म्हणजे एकच टीव्ही क्यूलेडही असतो आणि मिनी एलईडीही. "यातलं कुठलं" हा प्रश्न म्हणूनच सुटत नाही.

माझ्याकडे २०१० सालचा प्लाझ्मा होता. काय चित्र होतं त्याचं! पॅनासॉनिकने २०१३ च्या शेवटी प्लाझ्मा बनवणं थांबवलं तेव्हा खरंच हळहळ वाटली. पण दिवसा आमच्या हॉलमध्ये त्यात मला माझाच चेहरा दिसायचा, हेही खरं.

चावडी (सोमवार, ७:३०)
घेताय ते बरंय, आता स्वस्त पडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय.

जुनीखोड (सोमवार, ७:४१)
३२ इंचांपेक्षा मोठ्यांवरचा. ३२ आणि त्याखालच्यांवर आधीपासून १८ च होता.

शेवंती (सोमवार, रात्री ९:१५)
मला वाटलं होतं एका ओळीत उत्तर मिळेल. असो. बाणेरला नवव्या मजल्यावर घर, बाल्कनी पश्चिमेला, समोर दुसरी इमारत नाही. टीव्ही बाल्कनीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर. सोफा साधारण नऊ फुटांवर. बजेट ऐंशी हजार, फार तर पाच हजार वर. ५५ इंची. आता सांगा.

डोंगरवाट (सोमवार, रात्री १०:०२)
बाल्कनी समोर आहे, हे कळलं तिथेच अर्धा प्रश्न सुटला. जरा आकड्यांत सांगतो.

पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. साधा जुना एलईडी २५० ते ३०० निट्स देतो. तुमच्या बाल्कनीतून दिसणारं दुपारचं आकाश काही हजार निट्सचं असतं. साध्या काचेचा एक पृष्ठभाग त्यातला सुमारे ४ टक्के उजेड परत फेकतो. आकाश ५००० धरलं तर २०० निट्स झाले. म्हणजे टीव्हीवर काळा रंग असेल तिथेही तुम्हाला २०० निट्स दिसतात, आणि पांढरा असेल तिथे ५००. एवढ्याशा फरकात चित्र उमटत नाही. तुम्हाला दिसतो तो चट्टा हाच.

म्हणून दिवसा ओलेडच्या काळ्या रंगाचा उपयोग उरत नाही. तो काळा आकाशाने भरून निघतो. तिथे दोनच गोष्टी कामाला येतात, पडदा स्वतः किती उजळ आहे आणि त्याच्यावरचं आवरण किती कमी परावर्तन करतं. ओलेडचा छोटा ठिपका खूप चमकू शकतो, पण पूर्ण पडदा उजळ असला की तो वीज आणि उष्णता आवरायला स्वतःहून मंद होतो. चांगला मिनी एलईडी पूर्ण पडदाभर कितीतरी जास्त उजेड टिकवतो. तुमच्या घरात माझं मत मिनी एलईडीला.

निशाचर (सोमवार, रात्री १०:३०)
परावर्तन काय फक्त ओलेडवर होतं? मिनी एलईडीवरही तेवढंच होईल. आणि आता मॅट आवरणाचे ओलेडही आलेत, सॅमसंगने २०२४ मध्ये काढलाय.

डोंगरवाट (सोमवार, रात्री १०:४४)
होईल ना, म्हणून तर उजेड जास्त हवा. २०० निट्सच्या चट्ट्यावर हजार निट्सचं चित्र उठून दिसेल, तीनशेचं नाही. आणि मॅट आवरण चट्टा नाहीसा करत नाही, पसरवतं. खिडकीचा आकार दिसत नाही, पण सगळा पडदा थोडा राखाडी होतो. काहींना तेच बरं वाटतं. शिवाय तो ओलेड ऐंशी हजारांत बसणार नाही.

घाटमाथा (मंगळवार, सकाळी ८:१०)
टीव्ही कशाला? प्रोजेक्टर घ्या. आम्ही शंभर इंची लावलाय, घरातच थिएटर.

जुनीखोड (मंगळवार, ८:२५)
पश्चिमेच्या उन्हात प्रोजेक्टर? पांढऱ्या पडद्यावर काळा रंग कुठून आणणार? खोलीत जेवढा उजेड तेवढाच त्यांचा काळा. यांना अंधार करता आला असता तर हा प्रश्नच विचारला नसता.

सुगरण_नागपूर (मंगळवार, ९:००)
अगं शेवंती, तुझा प्रश्न टीव्हीचा नाहीच गं, पडद्यांचा आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात काय ऊन असतं ते सांगायला नको. बाल्कनीला बाहेरून बांबूची चिक लाव आणि आतून अस्तराचे जाड पडदे. टीव्हीच्या किमतीच्या मानाने काहीच खर्च नाही, आणि खोलीही थंड राहते. जुनाच टीव्ही चालेल तुला.

डोंगरवाट (मंगळवार, ९:२०)
सुगरणताईंचं म्हणणं पटतंय. शेवंती, पडदे का लावत नाही? आणि जुन्या टीव्हीत वीजबचतीचा मोड चालू नाही ना, तेही बघा. बऱ्याच टीव्हींत तो कंपनीतूनच चालू असतो आणि उजेड कमी करून ठेवतो.

शेवंती (मंगळवार, रात्री ८:५०)
वीजबचत चालू होती! आठ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. बंद केली, सकाळी फरक जाणवला. पण दुपारी चारनंतर पुन्हा तेच.

पडद्यांचं सांगते. दिवसभर टीव्ही मी बघतच नाही, मी सातला घरी येते. बघतात ते बाबा. सकाळपासून मराठी बातम्या, आणि सामना असला की सामना. आई गेल्यापासून तिची तुळस त्या बाल्कनीत आहे, ती त्यांना खुर्चीतून दिसायला हवी असते. मी एकदा पडदे ओढले तर काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळाने उठून सारले. ते काम मी पुन्हा करणार नाही. शिवाय त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, टीव्हीच्या काचेवरचा लखलखाट त्यांना सोसत नाही. म्हणूनच ही घाई.

सुगरण_नागपूर (मंगळवार, रात्री ९:०५)
राहू दे मग पडदे. तुळस दिसू दे त्यांना.

जुनीखोड (मंगळवार, रात्री ९:३०)
हे आधी सांगायला हवं होतंत. दिवसभर बातम्या म्हणजे ओलेड बादच. वाहिनीचं चिन्ह एका कोपऱ्यात, खाली तीच लाल पट्टी, रोज दहा तास. ओलेडचा जो भाग जास्त जळतो तो लवकर थकतो, मग पट्टीची सावली कायमची उरते. माझ्या मेहुण्याकडे दोन वर्षांत झालं. वॉरंटीत बसत नाही म्हणाले, आणि पॅनेल बदलायचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा.

निशाचर (मंगळवार, रात्री १०:१५)
माझ्या टीव्हीवर अजून काहीही नाही. चित्र सूक्ष्म सरकवणं, चिन्ह मंद करणं, बंद केल्यावर पॅनेलची आपोआप देखभाल, सगळं असतं. लोक उगाच घाबरवतात.

जुनीखोड (मंगळवार, रात्री १०:२२)
तुम्ही रात्री सिनेमे बघता. त्यांचे बाबा रोज दहा तास एकच वाहिनी बघतात. दोन्ही सारखं कसं?

निशाचर (मंगळवार, रात्री १०:४०)
ठीक आहे, दहा तास बातम्या असतील तर मीही ओलेड नाही सुचवणार. पहिल्या पोस्टमध्ये यातलं काहीच नव्हतं.

चावडी (बुधवार, सकाळी ७:५०)
साउंडबार नक्की घ्या. नव्या पातळ टीव्हींचा आवाज अगदीच फुसका असतो. वयस्कर माणसांना संवाद कळत नाहीत.

डोंगरवाट (बुधवार, ९:१०)
शेवंती, बाबांची खुर्ची नेमकी कुठे आहे? सोफ्यावर, टीव्हीच्या समोर बसतात का?

शेवंती (बुधवार, दुपारी १:३०)
नाही, उत्तरेच्या भिंतीला त्यांची आरामखुर्ची आहे, थोडी तिरकी. तिथून एकीकडे तुळस दिसते, दुसरीकडे टीव्ही. बाल्कनीचं दार पश्चिमेच्याच भिंतीत आहे, पण दक्षिणेच्या टोकाला. याने काय फरक पडतो?

डोंगरवाट (बुधवार, दुपारी २:१५)
फार पडतो. एलसीडी पॅनेलचे मुख्य दोन प्रकार, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा कॉन्ट्रास्ट (काळ्यापेक्षा पांढरा किती पट उजळ) साधारण ३००० किंवा त्याहून जास्त, आयपीएसचा हजाराच्या आसपास. पण व्हीएचं चित्र बाजूने बघितलं की धुतल्यासारखं होतं, आयपीएस बाजूनेही टिकतं. मिनी एलईडी बहुतेक व्हीएवर असतात. म्हणजे तुम्ही समोर सोफ्यावर बसून खूश व्हाल आणि बाबांना तिरक्या खुर्चीतून फिकं दिसेल. दुकानात त्यांच्या खुर्चीइतकंच तिरकं उभं राहून बघा. भडक मोड बदलायला सांगा, आणि टीव्ही बंद करून त्यावर मोबाइलचा टॉर्च मारा. दिव्याचं प्रतिबिंब जितकं मंद, तितकं आवरण चांगलं.

त्याआधी घरी एक काम करा, फुकटचं आहे. दुपारी चारला टीव्हीच्या काचेला टेकवून एक आरसा धरा आणि बाबांना खुर्चीत बसून बघायला सांगा. आरशात त्यांना जे दिसेल तेच नव्या टीव्हीत दिसणार. मग आरसा हळूहळू त्यांच्याकडे वळवा. आरसा जितका वळतो त्याच्या दुप्पट प्रतिबिंब सरकतं, १५ अंश वळवला तर ३० अंश.

शेवंती (शुक्रवार, रात्री ९:४०)
आज सुट्टी घेऊन आरसा धरला. बाबा खुर्चीतून सांगत होते. सरळ धरला तर आख्खं दार, आकाश आणि कुंडी. मी वळवत गेले. "अजून थोडा... आता दार अर्धं गेलं... तुळस गेली... आता माझं पुस्तकांचं कपाट दिसतंय, काळंशार." किती अंश ते मोजलं नाही, पण फार वळवावा लागला नाही. मग मी सोफ्यावर बसून पाहिलं, बाबांनी तसाच धरला, तिथूनही दार दिसत नव्हतं. एवढी वर्षं टीव्ही भिंतीला सपाट चिकटवून ठेवला होता, आणि तो नेमका दाराकडे बघत होता.

संध्याकाळी दोघंही दुकानात गेलो. बाबा तिरके उभे राहून बघत होते. ५५ इंची मिनी एलईडी ठरवलाय, व्हीएच आहे, पण बाबांकडे वळवल्यावर त्यांना समोरूनच दिसेल. ८२ हजार. सोबत हात बाहेर येऊन वळणारा ब्रॅकेट घेणार आहे. दुकानदार म्हणाला सपाट फुकट देतो, वळणाऱ्याचे वेगळे पडतील. देईन.

रात्री मंद करायचं बाबांना जमेल का, हा एक प्रश्न आहे.

निशाचर (शुक्रवार, रात्री १०:०५)
खोलीच्या उजेडाप्रमाणे आपोआप बदलण्याची सोय सेटिंगमध्ये असेल, ती चालू ठेवा. रात्री त्यांच्या डोळ्यांना त्रास होणार नाही. निवड छान केलीत.

जुनीखोड (शनिवार, सकाळी ७:१५)
भिंत कसली आहे? नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुतेक सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. सपाट टीव्ही साध्या खुंट्यांवर राहतो, पण हात बाहेर काढला की सगळा ओढा वरच्या दोन बोल्टांवर येतो. नुसत्या प्लायच्या युनिटवर अजिबात टांगू नका.

शेवंती (शनिवार, ७:५०)
सिपोरेक्सच आहे, त्यावर सुताराने केलेलं प्लायचं पॅनेल. मग काय करू?

डोंगरवाट (शनिवार, ८:०५)
पॅनेलमधून आरपार भिंतीत सिपोरेक्ससाठीचे लांब अँकर किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्के करायचे बोल्ट). कंपनीचा माणूस येईल त्याच्याकडे हे बहुधा नसतात. हार्डवेअरच्या दुकानातून आजच आणून ठेवा, आणि भोक पाडण्याआधी त्याला बाबांच्या खुर्चीत एकदा बसवा.