भूविज्ञानाच्या पदवीनंतर खाणींच्या भूजलशास्त्राकडे कसे वळावे?

भूविद्यार्थी (प्रश्न):
भूविज्ञानाची पदवी घेऊन मी सध्या एका खनिजशोध प्रकल्पावर गाभ्याच्या, म्हणजे छिद्रणातून बाहेर काढलेल्या खडकाच्या दंडगोल नमुन्यांच्या, नोंदी घेण्याचे काम करतो. छिद्रणासाठी सोडलेले पाणी एखाद्या भ्रंशपट्ट्यात (खडक तुटून सरकलेल्या पट्ट्यात) शिरताच परत वर येईनासे होते, तेव्हा ते नेमके कुठे जाते, हा प्रश्न मला खनिजापेक्षाही अधिक ओढ लावतो. खाणींतील भूजलाच्या कामाकडे वळायचे तर आधी पदव्युत्तर शिक्षण घ्यावे की अनुभव? पदवीला भूजलाचा एकच विषय होता आणि गणिताची सवय मोडली आहे.

खडकपाणी:
आपण आत्ता जिथे उभे आहात तीच या व्यवसायाची सर्वोत्तम सुरुवात आहे, असे माझे ठाम मत आहे. खाणीत भूजलतज्ज्ञाला खड्डा कोरडा ठेवण्यासाठी उपसा ठरवावा लागतोच, पण त्याहून नाजूक काम असते ते खड्ड्याच्या भिंतींमागचा पाण्याचा दाब कमी करण्याचे. कारण हा दाब वाढला की खडकाच्या फटींमधील घर्षण घटते आणि वरकरणी भक्कम दिसणारा उतारही घसरू शकतो. अशा वेळी पाणी कोणत्या सांध्यांतून (खडकातील नैसर्गिक भेगांतून) वाहते आणि कोणत्या भ्रंशापाशी अडते, हे ओळखणारा माणूस लागतो, आणि तो मुळात भूवैज्ञानिकच असतो.

म्हणून नोंदवहीत केवळ ‘पाणी गेले’ असे लिहून थांबू नका. कोणत्या खोलीवर गेले, किती गेले, तिथल्या फटी उघड्या होत्या की चिकणमातीने भरलेल्या, आणि रात्रभर काम थांबल्यावर सकाळी छिद्रातील पातळी कुठे होती, हे सर्व लिहा. प्रकल्पावर पॅकर चाचणी होत असेल तर तिथे मदतीला उभे राहण्याची परवानगी मागा. या चाचणीत छिद्राचा एक टप्पा बंद करून त्यात दाबाने पाणी सोडतात. १० बार दाबाला दर मीटर लांबीत मिनिटाला १ लिटर पाणी शिरले, तर ते १ ल्युजॉन, म्हणजे खडकातून पाणी किती सहज जाते हे मोजण्याचे एकक. हा आकडा आणि त्याच टप्प्याचा गाभा शेजारी ठेवून पाहण्याची सवय लागली, की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते.

उपसानोंद:
गणिताची धास्ती घेऊ नका, मात्र ते टाळूही नका. सच्छिद्र थरातून पाणी किती वाहते हे सांगणारा डार्सीचा १८५६ चा नियम, उपशामुळे पातळी वेळेनुसार कशी घटते हे सांगणारे थाइसचे १९३५ चे समीकरण आणि त्याचीच कूपर-जेकब यांची १९४६ ची सोपी पद्धत, एवढे हाताने सोडवता आले की पाया तयार होतो. पंपिंग चाचणीत, म्हणजे एका विहिरीतून सतत उपसा करून शेजारच्या निरीक्षण विहिरीतील पातळी मोजताना, वेळ लघुगणकी अक्षावर मांडली, तर त्या निरीक्षण विहिरीतील पातळीची घट काही काळाने सरळ रेषेत येते. पुढे त्या रेषेचा उतार दुप्पट झाला, तर उपशाचा परिणाम बहुधा एखाद्या अभेद्य सीमेपर्यंत पोहोचलेला असतो; पण ती सीमा म्हणजे भ्रंश की डाइक (खडकात घुसलेली अग्निजन्य खडकाची भिंत), हे आलेख सांगत नाही, नकाशा वाचणाराच सांगतो. मॉडफ्लो ही भूजलाचा प्रवाह संगणकावर मांडणारी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची आज्ञावली विनामूल्य मिळते. ती जरूर शिका, परंतु हाताने काढलेला जमिनीखालील थरांचा एक छेद आणि पाण्याचा ढोबळ ताळेबंद तयार असल्याशिवाय ती उघडू नका.

जलरसायन:
वरील दोघांशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी पदव्युत्तर शिक्षण फार लांबवू नये असे मला वाटते, कारण भूजलाची संगणकीय प्रतिमाने आणि रसायनशास्त्र कामाच्या धबडग्यात नीट शिकून होत नाही. शिवाय खाण बंद झाल्यावरचे पाणी हाही याच व्यवसायाचा भाग आहे. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील बर्कले पिट या तांब्याच्या खाणीचा उपसा १९८२ मध्ये थांबला आणि खड्डा आम्लयुक्त, धातूमिश्रित पाण्याने भरत गेला. पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचा हवा-पाण्याशी संयोग झाला की असे आम्ल तयार होते. एक-दोन वर्षे छिद्रणावर काढा आणि मग असा अभ्यासक्रम निवडा, ज्याच्या प्रबंधात प्रत्यक्ष चाचण्यांची माहिती वापरावी लागते.

भूविद्यार्थी:
मनःपूर्वक आभार. आमच्याकडे पॅकर चाचण्या होतात, परंतु त्या बाहेरचे सल्लागार करतात. त्यांच्याबरोबर काम करू देण्याची विनंती करणे योग्य ठरेल का?

खडकपाणी:
अवश्य करा, आणि जाताना त्या छिद्राच्या फटींच्या नोंदी सोबत न्या. कोणता टप्पा निवडावा हे ठरवताना सल्लागारांना त्यांचीच सर्वाधिक गरज असते.