‘पुढचा गणपती नव्या घरात’: कोकणात घर बांधायला तुम्हाला किती वेळ लागला?

ओटीवरून

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून तीनेक किलोमीटर आत आमचं मातीच्या भिंतींचं जुनं घर आहे. गेल्या पावसात मागची पडवी बसली. आता तिथेच साधारण ९०० चौरस फुटांचं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचं), स्लॅबचं, एकमजली घर बांधायचं ठरलंय. ठेकेदार म्हणतो आठ महिने. दसऱ्याला पाया काढू, पुढचा गणपती नव्या घरात. आई हे वाक्य गावभर सांगत सुटली आहे आणि मला ठाण्यात बसून झोप येत नाही.

गावात ज्याला विचारावं तो नुसता हसतो. म्हणून हा धागा. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही ज्यांनी घर बांधलंय त्यांनी लिहा: किती महिने सांगितले होते, किती लागले, कुठे अडलं. ‘ते परिस्थितीवर अवलंबून असतं’ एवढं मात्र कृपया लिहू नका.

सतरा नावं

रत्नागिरीजवळ. सांगितले १०. लागले १३ महिने की साडेतीन वर्षं, हे कुठून मोजायचं त्यावर आहे. (अवलंबून हा शब्द टाळला.)

आमच्या सातबाऱ्यावर १७ नावं, त्यातली ५ माणसं देवाघरी. आधी वारस नोंदी. मग फेरफार, त्याच्या नोटिशीचे १५ दिवस. ते झाल्यावर वाटणीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या. एक चुलतकाका बडोद्याला. माणूस सज्जन, पण सही मागितली की त्यांना ४० वर्षांपूर्वी तोडलेलं हापूसचं कलम आठवायचं. दोनदा गेलो, तिसऱ्या वेळी आंब्याची पेटी घेऊन गेलो, तेव्हा सही झाली. मग मोजणी. तारीख मिळाली जूनची, पाऊस लागला, पुढची तारीख मिळाली नोव्हेंबरची.

तुम्ही जुन्याच जोत्यावर बांधताय म्हणून सांगतो. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, म्हणजे नमुना ८, कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. घर आजोबांच्या नावावर, जमीन सामायिक आणि घरपट्टी तुम्ही भरताय, असं निघालं तर ठेकेदाराचे महिने मोजूच नका अजून.

खळ्यातलो

आमका सांगल्यानी सा म्हयने. लिवन घेतलंय. पयल्या पावसात जोता भिजला, दुसऱ्या पावसात भिती भिजले, तिसऱ्या पावसात आमी भिजलो. मगे देवाक कौल लावलो तेवा गुरव म्हणालो, देवाचो कौल मिळालो, आता मंगलोरी कौलां कधी येतत ता ठेकेदाराक इचार.

चिरेखाण

दापोली-मंडणगड भागात साइट बघतो, सिव्हिलचा डिप्लोमा आहे. ठेकेदाराच्या बाजूने थोडं बोलतो, शिव्या नंतर घाला.

आठ महिने खोटे नसतात. ते कामाचे आठ महिने असतात आणि मालक ते कॅलेंडरचे समजतो. आपल्याकडे उघड्यावरचं काम चालतं दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला की पायात पाणी आणि चिरेखाणीत तळं. खाणीतलं पाणी उपसून चांगला चिरा निघायला दिवाळी उजाडते, आणि तेव्हा तो सगळ्यांनाच हवा असतो. दसऱ्याला पाया काढलात तरी भिंतीला हात लागेल नोव्हेंबरच्या शेवटी. उन्हाळ्यातच चिरा आणून रचून ठेवला असेल तर वेगळं. तो हवेवर कठीण होतो, वाळतो, आणि भावही कळलेला असतो.

मग शिमगा. पालखी निघाली की गावातला गवंडी आठ-पंधरा दिवस तुमचा नाही. बाहेरची टोळी लावलीत तर ती होळीला आपल्या मुलखात जाते आणि अर्धीच परत येते. एप्रिलपासून बिगारी आंब्याला. सावलीत बसून पेट्या भरायच्या आणि संध्याकाळी रोख पैसे घ्यायचे, हे सोडून तुमची घमेली उचलायला कोण येणार? हंगाम दिसायला २२५-२३० दिवसांचा असतो. माझ्या हजेरीच्या वहीत प्रत्यक्ष काम झालेले दिवस १४०-१५०च्या वर क्वचित जातात.

तुमच्या घराचा माझा अंदाज: जोतं सव्वा महिना, भिंती दोन महिने, सेंट्रिंग, स्लॅब आणि पाणी मारणं धरून दीड महिना. सगळं सुरळीत गेलं तर मार्च, शिमगा धरून एप्रिल. वायरिंग, नळ, आतला गिलावा, लाद्या हे छपराखाली पावसात होतं. रंग दिवाळीनंतर, कारण चिऱ्याची भिंत एकदा पाणी प्यायली की लवकर वाळत नाही. घाईने ऑगस्टमध्ये रंग दिलेली घरं मला दाखवता येतील, पुढच्या वर्षी पापुद्रे सुटलेली.

आता खरी मेख. आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे, साधं सिमेंट असेल तर, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. तुळयांना १४, सहा मीटरच्या पुढे २१. हल्ली सर्रास पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट येतं, त्याला पाणी किमान १० दिवस. कागदावर एवढंच आहे. पण एप्रिलात तुमच्या विहिरीत घागर बुडते का? नसेल तर टँकर, आणि तुमच्या वाडीत टँकर उतरतो का? माझ्या एका मालकाकडे पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून जावं लागायचं. चिरा डोक्यावरून, रेती डोक्यावरून, स्लॅबला मारायचं पाणीही डोक्यावरून. त्या घराचा अंदाज मी दीडपट करून सांगितला होता, तरी चुकला. आणि २५ मेला स्लॅब टाकून ‘आता पाऊसच पाणी मारेल’ म्हणणारा ठेकेदार भेटला तर त्याला नमस्कार करून घरी पाठवा.

ओटीवरून

@चिरेखाण, विहिरीचं डोक्यातच आलं नव्हतं. आमची मार्चअखेर तळाला जाते. टँकर वरच्या रस्त्यापर्यंतच येतो.

बोटीवरचा

मी जहाजावर, बायको मुंबईत, घर मालवण तालुक्यात. सांगितले ९ महिने, लागले २६. काम व्हॉट्सॲपवर बघायचो. दर रविवारी फोटो यायचा, आम्ही खूष. एका रविवारी बायको म्हणाली, तीन आठवडे झाले, गडग्यावर (कुंपणाच्या दगडी बांधावर) वाळत घातलेला टॉवेल तोच आहे, घडीसुद्धा तीच. गावातल्या आतेभावाला पाठवलं तर साइटवर एक कुत्रा झोपलेला. टोळी दुसऱ्या कामावर गेली होती.

चूक आमचीही होती. पैसे महिन्यावर ठरवले होते. नंतर टप्प्यावर ठरवले: जोतं झालं की इतके, लिंटेलला (दारं-खिडक्यांवरच्या पट्टीला) इतके, स्लॅबला इतके. वेग लगेच वाढला असं नाही, पण निदान टॉवेल बदलायला लागला.

नुकसान भलतीकडेच झालं. कॉलमच्या वर सोडलेल्या सळया दोन पावसाळे खाऱ्या हवेत उघड्या राहिल्या. गंज नखाने सुटत होता. इंजिनिअरने तारेच्या ब्रशने घासायला लावल्या, काही ठिकाणी कापून जोड दिला. काम पावसात थांबणार हे ठरलेलंच असतं, तर सळयांना सिमेंटचं पाणी फासून वर प्लास्टिक बांधून घ्या.

दिव्याखाली

श्रीवर्धन. आमचं नवं घर नव्हतं, नुसतं छप्पर. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने सगळं उचलून नेलं. सुतार म्हणाला तीन आठवडे. त्याचा अंदाज बरोबर होता, फक्त त्या तीन आठवड्यांत अख्ख्या तालुक्याला पत्रा हवा होता. टाळेबंदी, वीज नाही, सुतार एक आणि घरं शंभर. तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला. छप्पर पुरं झालं जानेवारीत. मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा रात्रभर सगळे वर बघत बसलो होतो.

भरतीची रेघ

खाडीकाठी घर असेल तर सीआरझेडचा (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या केंद्राच्या नियमांचा) वेळ वेगळा धरा. २०११च्या नियमात खाडीसाठी भरतीच्या रेषेपासून १०० मीटर, २०१९च्या अधिसूचनेत ५०. दोन्हींत खाडीची रुंदी त्याहून कमी असेल तर तेवढंच. २०१९चं ऐकून आम्ही पेढे वाटले. मग कळलं की नवीन नकाशे मंजूर होईपर्यंत जुनाच नियम चालणार. भरतीची रेघ आमच्या माडाच्या कुठल्या बाजूने जाते एवढंच ठरायला चौदा महिने गेले. घर बांधायला नऊ.

बाबांची खुर्ची

देवगड. सांगितले ८, लागले ७. हो, झालं.

जांभ्याचा सडा (कातळाचं पठार) जवळ. चिरा आणि खडी आदल्या एप्रिलात आणून ठेवलेली, विहिरीला बारमाही पाणी, रस्ता दारात, जमीन एकट्या बाबांच्या नावावर. स्लॅब २ फेब्रुवारीला पडला. बाबा निवृत्त शिक्षक. सकाळी आठला खुर्ची टाकून बसायचे, कोण किती वाजता आला ते वहीत लिहायचे. गवंडी त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. तो घरभरणीला म्हणाला, शाळेत एवढा वेळेवर कधी गेलो नव्हतो.

ओटीवरून

सगळ्यांचे आभार. काल नमुना ८ काढला. घर आजोबांच्या नावावर आहे, आजोबा १९९४ला गेले. वारसांत तीन आत्या. तिघींशी बोललो. दोघी तयार आहेत, तिसरी म्हणाली समोर येऊन बोल. शनिवारी जातोय, पेटी मिळत नाही या दिवसांत, काजू घेऊन.

यंदा दसऱ्याला पाया नाही. चिरा मात्र उन्हाळ्यात आणून ठेवणार, ठेकेदाराला तसं सांगितलं. तो म्हणाला, ‘मी तेच सुचवणार होतो.’

आईला फोन केला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पडवीवर प्लास्टिक नीट बांधून दे, गणपती ओटीवर बसवू, आणि भटजींना सांग, मुहूर्त पुढच्या वर्षीचा काढा.