विकलेल्या गाडीचं चलान: भरायचं की नडायचं?

वॅगनारवाला
दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कार कन्सल्टंटला, म्हणजे जुन्या गाड्या घेऊन पुढे विकणाऱ्याला, माझी एमएच १२ पासिंगची वॅगनार विकली. पैसे खात्यात आले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या, चावी दिली, विषय संपला. गेल्या सहा महिन्यांत मोबाइलवर सात चलानं आलीत. सगळी सोलापुरातली, सगळी नो पार्किंगची. पहिलं ५०० चं, पुढची १५०० ची. झाले साडेनऊ हजार!

चलानाचा फोटो उघडला तर मागच्या काचेवर लेकीने चिकटवलेली मनीमाऊ अजून तशीच, डावा कान निघालेली. मागच्या सीटवर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला. कन्सल्टंट म्हणतो, "साहेब, गाडी पुढे दिली, आता ती पार्टी फोन उचलत नाही."

माझं मत स्पष्ट आहे. मी गाडी लावली नाही, मी एक रुपया भरणार नाही. तुम्ही काय केलं असतंत?

निवृत्त बाबू
रागावू नका, पण कायद्याच्या लेखी गाडी अजून तुमचीच आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(३०): नोंदणी ज्याच्या नावावर, तो मालक. कलम ५० सांगतं की विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. फॉर्म २९ कळवण्याचा, फॉर्म ३० नाव बदलण्याचा. तुम्ही दोन्ही कोरेच सह्या करून दिले असणार. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. बरोबर?

वॅगनारवाला
बरोबर. सगळे तसेच देतात.

निवृत्त बाबू
म्हणून तर आरटीओत आमच्या खिडकीवर रोज कुणीतरी तुमच्यासारखं तोंड करून उभं असायचं.

सोलापूरची सून
मी म्हणते भरून मोकळे व्हा. आमच्या सासऱ्यांच्या विकलेल्या स्कूटरचं असंच झालं होतं. चकरा, झेरॉक्स, एक रजा, वर घरात रोज तोच विषय. शेवटी दोन चलानं भरली आणि त्या दिवशी ते नीट जेवले. मनःशांतीलाही काही किंमत असते की नाही?

कायद्याचं बोला
ताई, तुमची दोन होती, इथे सात आहेत, आणि ही भरली म्हणून आठवं यायचं थांबणार आहे का? उलट त्या टॉवेलवाल्याची सोलापुरात कायमची फुकट पार्किंगची सोय झाली.

बाबूंशीही मी पूर्ण सहमत नाही. नोंदणी ही मालकीची खूण आहे, गुन्ह्याची नाही. चुकीच्या जागी गाडी लावणं हे चालवणाऱ्याचं कृत्य. चलान हा आरोप आहे, निकाल नव्हे. कलम १३३ मालकाला विचारतं, गाडी कोण चालवत होतं ते सांगा. मग सांगा ना! विक्रीचा पुरावा जोडून ई-चलानच्या पोर्टलवर तक्रार टाका, नाही ऐकलं तर कोर्टात बाजू मांडा.

निवृत्त बाबू
आणि कोण चालवत होतं हे वॅगनारवाल्यांना माहीत आहे का? नाव नाही, गाव नाही, फक्त टॉवेल माहीत आहे.

कायद्याचं बोला
कन्सल्टंटचं नाव तर आहे? त्याने पुढचं सांगावं.

बाजारातला माणूस
मी स्वतः जुन्या गाड्यांचा धंदा करतो, म्हणून बोलतो. प्रत्येक गाडी आधी आमच्या नावावर केली तर गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत ती थर्ड ओनर होते आणि भाव पडतो. म्हणून फॉर्म कोरे घेतो आणि गिऱ्हाईक मिळालं की थेट त्याच्या नावावर करतो. बहुतेक वेळा होतंही. पण काही गिऱ्हाइकं "पुढच्या महिन्यात करतो" म्हणत राहतात, त्यांच्या मागे किती धावणार? विकणाऱ्यालाही तेव्हा पैशाची घाई असते, आरटीओत यायला तो तयार नसतो.

कायद्याचं बोला
तुमची ही अडचण १ एप्रिल २०२३ पासून सुटली आहे. अधिकृत डीलर असाल तर गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये ऑनलाइन द्यायची, गाडी तुमच्या नावावर न चढवताही, ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या नावावर होईपर्यंत जबाबदार मालक तुम्ही. तुमच्याकडे तसं अधिकारपत्र आहे का?

बाजारातला माणूस
प्रक्रिया चालू आहे.

कायद्याचं बोला
वाटलंच.

निवृत्त बाबू
चलानाचं सोडा, ते फार तर खिशाला लागेल. २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. गाडी हातोहात विकली जात पुढे गेली, नोंद मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. मग अपघात झाला. भरपाईची जबाबदारी कोणावर आली? नोंद ज्याच्या नावावर त्याच्यावर. वॅगनारवाले, त्या टॉवेलवाल्याने विम्याचे हप्ते भरलेत का, कधी बघितलंत? नो पार्किंगमध्ये उभ्या गाडीने निदान कुणाला उडवलेलं नसतं.

कायद्याचं बोला
तो निकाल अपघाताच्या भरपाईचा आहे, दंडाचा नाही. पण हो, आज रात्री झोप लागणार नाही एवढं खरं.

सोलापूरची सून
बघा, म्हणून म्हणत होते, भरा आणि मिटवा.

निवृत्त बाबू
नाही ताई, भरून हे मिटत नाही. चलान मिटेल, नाव तसंच राहील. आधी फॉर्म २९ भरून, बँकेचं स्टेटमेंट जोडून आरटीओत द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. दंडाचं भांडण त्यानंतर.

टोलनाका
एक विचारू? गाडी विकताना फास्टॅग बंद केला होतात का?

वॅगनारवाला
नाही. तो काचेवरच राहिला. मी नंतर कधी रिचार्ज केला नाही, म्हणजे संपलाच असेल ना?

टोलनाका
लॉगिन करून बघा.

वॅगनारवाला
बघितलं. अहो, हा माणूस दोन वर्षं *माझ्या* टॅगमध्ये पैसे भरतोय! पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर, महिन्यातून दोनदा तरी पुणे-सोलापूर रस्त्यावरचे सगळे टोल ओळीने. मेसेज येत होते, बँकेची जाहिरात समजून मीच न वाचता उडवले. आत्ता शिल्लक ४६० रुपये.

टोलनाका
मग चलानंही ठेवा बाजूला आणि पत्रव्यवहारही. टॅग बंद करा. पुढच्या नाक्यावर जादा पैसे मोजावे लागले की तोच तुम्हाला शोधत येईल.

सोलापूरची सून
हे काही बरं नाही हं. त्याचे पैसे आहेत ते.

टोलनाका
आणि साडेनऊ हजार कोणाचे आहेत?

वॅगनारवाला (पाच दिवसांनी)
फॉर्म २९ दिला, शिक्का घेतला. सातही चलानांवर तक्रार टाकली, बँकेचं स्टेटमेंट आणि कन्सल्टंटशी झालेलं चॅट जोडून. उत्तर अजून नाही. टॅग शुक्रवारी बंद केला.

आज सकाळी अनोळखी नंबरवरून फोन. "साहेब, तुमच्या टॅगात माझे साडेचारशे रुपये अडकलेत." नंबर कन्सल्टंटने दिला म्हणे. दोन वर्षं फोन न उचलणारा माणूस साडेचारशेसाठी स्वतःहून बोलतोय, तेही अगदी नम्रपणे. मी म्हटलं, सोमवारी अकरा वाजता पुण्याला आरटीओत या, फॉर्म ३०, आधार कार्ड आणि विम्याची प्रत घेऊन. आधी सही, मग साडेचारशे. तो म्हणाला, "सोमवारी जरा अडचण आहे, मंगळवारी चालेल का? आणि साहेब, तिथे पार्किंग कुठे मिळतं?"