यमनची धून सात वाद्यांसाठी लिहिली, कॉम्प्युटरवर ठीक वाजते, वादकांकडून नाही

पांढरी_एक:
फ्लूट, बी फ्लॅट क्लॅरिनेट, एफ हॉर्न आणि स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो). म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलंय, सा = पांढरी एक (पेटीची पहिली पांढरी पट्टी, सी), मध्य सा म्हणजे मधला सी. क्लॅरिनेट आणि हॉर्न भलत्याच पट्टीत वाजतात, फ्लूटचा मुखडा ऐकूच येत नाही. दुसऱ्या व्हायोलिनला मंद्र प आणि मंद्र नी एकत्र दिलेत, ते वाजणारच नाहीत म्हणे. का?

खर्ज:
पट्टीचं कारण सोपं: प्रिंट काढताना 'कॉन्सर्ट पिच' (सगळ्यांना ऐकू येणारेच स्वर छापायचं बटण) चालू राहिलंय, दुसरं काही नाही. क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो, हॉर्न पंचमाने खाली. म्हणजे पांढरी एक ऐकू यायला क्लॅरिनेटला पांढरी दोन लिहायची, हॉर्नला पांढरी पाच. ते बटण बंद करा, सॉफ्टवेअर आपोआप बदलेल. पडताळा: तीव्र मध्यमामुळे तुमच्या स्कोअरला सुरुवातीला एक शार्प (तीव्र स्वराची खूण, ♯) असणार, क्लॅरिनेटच्या पानावर तीन दिसले की जमलं.

फ्लूटचं वेगळं. मध्य सप्तक हा त्याचा सगळ्यात दुबळा भाग. कॉम्प्युटर तो हवा तेवढा मोठा करून ऐकवतो, म्हणून फसायला होतं. मुखडा तार सप्तकात न्या, नाहीतर खाली स्ट्रिंग्ज पिझिकाटो (गजाऐवजी बोटाने छेडून) ठेवा. आणि हॉर्न त्या वेळी गप्प बरा. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हचा ढोबळ हिशेब असा की फोर्टेमध्ये, म्हणजे जोरात वाजवताना, एक हॉर्न दोन वुडविंडच्या (फ्लूट, क्लॅरिनेटसारख्या वाद्यांच्या) बरोबरीचा असतो.

घोडी_आणि_गज:
व्हायोलिनच्या मोकळ्या तारा तुमच्या सा-नुसार मंद्र प, मध्य रे, मध्य ध, तार ग. मंद्र नी रे-च्या खाली, म्हणजे तोही प-च्याच तारेवर. एका तारेवर दोन स्वर एकदम कसे निघणार? प व्हायोलाला द्या, त्याची ती मोकळी तार आहे. मंद्र नी आणि मध्य रे मात्र आरामात वाजतील.

मींड असेल तर तीही तपासा. मध्य ग वरून मंद्र नी वर घसरायचं तर ग रे-च्या तारेवर घेऊन चालणार नाही, मध्येच तार संपते. वर 'सुल जी' लिहा, वादक हात वर नेऊन सगळं जी तारेवर, म्हणजे प-च्याच तारेवर, वाजवेल. स्लर (स्वर एका गजात जोडणारी कमान) घातले नसतील तर प्रत्येक स्वराला गज उलटतो आणि आलापाचे तुकडे पडतात.

पांढरी_एक:
क्लॅरिनेटला मध्य सप्तकात 'तीव्र म-प-ध' अशी जलद तान आहे. बटण बंद केलं की चालेल ना?

खर्ज:
पट्टी बरोबर येईल, तान अडखळेल. तीव्र म आणि प तिथे जी शार्प आणि ए लिहिले जातात. हे क्लॅरिनेटचे 'थ्रोट' म्हणवले जाणारे फिके स्वर, जवळजवळ सगळी बोटं उचललेली. पुढचा ध बी होतो, त्याला एकदम सगळी भोकं बंद करावी लागतात. विलंबितात खपतं, द्रुतात नाही. तान एक सप्तक खाली घ्या, नाहीतर सरळ पहिल्या व्हायोलिनला द्या.