शब्दचर्चा : माहिती तंत्रज्ञानाची ‘भूमिका’ की ‘वाटा’?

विचारणा (रत्नागिरी)

शाळेत दहावीला निबंधाचा विषय आलाय : ‘विकसनशील देशांमध्ये माहिती व तंत्रज्ञानाची भूमिका’. फळ्यावर लिहिताना दोन ठिकाणी अडखळले. ‘माहिती व तंत्रज्ञान’ हे बरोबर आहे का? आणि ‘भूमिका’ इथे शोभते का? वर्गातली निम्मी मुलं मिरकरवाडा बंदराकडची आहेत, घरी बोटी आहेत. त्यांना आपलंसं वाटेल असं शीर्षक हवंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर (हर्णै)

बाई, पहिली शंका चटकन मिटण्यासारखी आहे. ‘व’ काढून टाका. माहिती साठवायचं, शोधायचं, पाठवायचं तंत्रज्ञान ते माहिती तंत्रज्ञान. मध्ये ‘व’ आला की माहिती एकीकडे आणि तंत्रज्ञान दुसरीकडे पडतं. फोनसुद्धा त्यात धरायचा असेल तर ‘माहिती व संपर्क तंत्रज्ञान’ म्हणा. तिथला ‘व’ योग्य जागी आहे.

‘भूमिका’बद्दल थोडं सविस्तर लिहितो. मराठीत भूमिका ‘घेतात’, म्हणजे एखाद्या प्रश्नावर आपली बाजू ठरवतात. नाटकात ती वठवतात. पण आपल्या दशावतारातसुद्धा लोक विचारतात ते ‘संकासुराचं काम कोण करतो?’ असंच. ‘महत्त्वाची भूमिका बजावते’ हे वर्तमानपत्रांनी रूढ केलेलं आहे. बजावायची असते ती कामगिरी. तेव्हा ‘काम’, ‘कामगिरी’, ‘उपयोग’ यांतलं काहीही चालेल. मला विचाराल तर मी ‘वाटा’ सुचवेन.

बंदरावर हा शब्द दिवसभर कानावर पडतो. लिलावात घेतलेली टोपली घेऊन बाई बाजारात बसते, बांगड्याचे सहा-सहा नगांचे ढीग लावते. त्यातला एकेक ढीग म्हणजे वाटा. गिऱ्हाईक विचारतं, ‘वाटा कितीला?’ आणि भाव ठरला तरी ‘वर एक टाक’ म्हणतंच. बोटीवर डिझेल, बर्फ, रेशन वजा जाता जे उरतं, त्याचेही बोटीचा मालक नाखवा, ती चालवणारा तांडेल आणि खलाशी यांच्यात वाटे पडतात. म्हणजे ‘वाटा’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो : कोणाला, किती? ‘भूमिका’ हा प्रश्न विचारूच देत नाही. विकसनशील देशांत तंत्रज्ञान काय करतं हे सांगताना नेमका हाच प्रश्न मुलांनी विचारायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मासळीचंच उदाहरण देतो. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाईल आले. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी तिथल्या तारलीच्या बाजारांचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून तारली फेकून द्यायची, आणि पंधरा किलोमीटरवर तीच तारली मिळत नाही म्हणून लोक परत जायचे. ५ ते ८ टक्के मासळी अशी वाया जायची. फोन आल्यावर तांडेल समुद्रातूनच भाव विचारू लागले आणि ही नासाडी जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यांना तारली सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. वाटा दोन्हीकडे गेला. माझ्या माहितीतलं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

उत्तर (मालवण)

हर्णैकर, तुमचं पटलं, पण अर्धंच. ‘वाटा’ म्हटलं की सगळ्यांना काहीतरी मिळालंच असा समज होतो. आमच्याकडे रापणवाल्यांना विचारून बघा. पर्ससीनच्या, म्हणजे अख्खा थवा वेढणाऱ्या जाळ्याच्या, मोठ्या बोटीवर फिशफाइंडर आहे, जीपीएस आहे. तिला थवा कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं जाळं. मासा किनाऱ्याला लागलाच नाही तर दोर ओढून हाताला काय येणार? २०१६ मध्ये राज्य सरकारला पर्ससीनवर निर्बंध आणावे लागले ते उगीच नाही. तेच यंत्र एकाचा वाटा वाढवतं आणि दुसऱ्याचा काढून घेतं. अशा वेळी ‘परिणाम’ हा शब्द जास्त प्रामाणिक नाही का?

उत्तर (हर्णै)

‘परिणाम’ चुकीचा नाही. पण तुम्ही जे मांडलंत ते ‘वाटा’ वापरूनच मांडलंत, आणि म्हणून ते मनाला भिडलं.

माहिती सगळ्यांसाठी असली तरी हातात पडेलच असं नाही. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कुठे असण्याची शक्यता आहे ते कळवते, मराठीतूनही. बंदरापासून दिशा, अंतर, खोली, सगळं दिलेलं असतं. खोली मीटरमध्ये येते, आमचे म्हातारे तांडेल अजून वावात, म्हणजे खोलीच्या जुन्या मापात, बोलतात, पण तेवढा हिशेब त्यांना जमतो. खरी अडचण रेंजची. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर गेलं की मोबाईल गप्प. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा खोल पाण्यातल्या किती बोटींना वेळेवर निरोप पोचला नाही, ते या किनाऱ्यावर कोणाला सांगायला नको. २०१९ मध्ये उपग्रहावरून थेट इशारा देणारं ‘जेमिनी’ नावाचं यंत्र आलं, कारण रेंजबाहेरच्या माणसालाही त्याचा वाटा मिळायला हवा होता. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तर किनाऱ्यावरचेच टॉवर गेले. घरं उडालेल्या गावांना आपण जिवंत आहोत हे मुंबईला कळवता येत नव्हतं.

उत्तर (चिपळूण)

मासळीबाहेरचं एक उदाहरण. कोकणाला ‘मनीऑर्डरवर जगणारा’ म्हणायचे. गिरणीतला चाकरमानी पैसे पाठवी, पोस्टमनची वाट बघत घर चाले. केनियात २००७ मध्ये ‘एम-पेसा’ सुरू झालं, ते याच गरजेतून : नैरोबीत राबणाऱ्याने गावी पैसे पाठवायचे, साध्या फोनवरून, बँकेत खातं नसताना. यातला ‘पेसा’ म्हणजे स्वाहिलीत पैसा, आणि तो शब्द हिंदी महासागरातल्या जुन्या व्यापारातून आपल्याकडूनच तिकडे गेला असं बहुतेक अभ्यासक मानतात. बाईंच्या मुलांना हे नक्की आवडेल.

विचारणा (रत्नागिरी)

सर्वांचे आभार. ‘विकसनशील देशांच्या जडणघडणीत माहिती तंत्रज्ञानाचा वाटा’ असं लिहिते, आणि खाली एक ओळ : ‘हा वाटा तुमच्या गावात कोणाला मिळाला, कोणाला नाही?’ एकच विचारते. मुलं हमखास ‘सिंहाचा वाटा’ लिहितील. चालेल?

उत्तर (हर्णै)

छापून येतो सगळीकडे, पण इथे उलटा पडेल. गोष्टीतला सिंह वाटा उचलत नाही, सगळी शिकार स्वतः ठेवून घेतो. हातभार सांगायचा तर ‘मोठा वाटा’ किंवा ‘मोलाचा वाटा’ पुरे. पर्ससीनबद्दल कोणी लिहिलं तर मात्र ‘सिंहाचा वाटा’ तसाच राहू द्या, लाल शाई लावू नका.